वजनकाट्यावर जॅक जॉन्सन

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. मोबाइलवर मुष्टियुद्धाच्या लढती पाहण्याचे त्याला भारी वेड. परवा घरी आला तेव्हा माझ्या टेबलावर जॅक जॉन्सनचा एक जुना फोटो पडला होता. टक्कल केलेले डोके, सोन्याचे दात आणि समोरच्याला खिजवणारे ते हसू. भाच्याने फोटो उचलला, या माणसाची उंची किती, वजन किती असे विचारले आणि ऐकल्याबरोबर निकालही देऊन टाकला, की हा आज टायसन फ्युरीसमोर उभा राहिला तर दोन फेऱ्यांत आडवा होईल. मी वाद घातला. तो जेवायला बसेपर्यंत चालला आणि जेवणानंतरही मिटला नाही. म्हणून हा लेख.

आकडे त्याच्या बाजूने आहेत, हे आधीच कबूल करतो. जॉन्सनची उंची सहा फूट आणि अर्धा इंच, म्हणजे १८४ सेंटिमीटर. कारकिर्दीतल्या सर्वांत मोठ्या लढतीत त्याचे वजन होते सुमारे ९४ किलो. फ्युरी २०६ सेंटिमीटर उंच आणि डिसेंबर २०२४ च्या लढतीत १२७ किलोचा. फरक तेहतीस किलोंचा! आज मुष्टियुद्धात क्रूझरवेट नावाचा जो खालचा गट आहे त्याची मर्यादा २०० पौंड, म्हणजे जवळपास ९१ किलो आहे. जॉन्सन आज असता तर हेवीवेटच्या उंबरठ्यावर जेमतेम पाय टेकवून उभा असता. मग जुन्या जगज्जेत्यांचे आजच्या धिप्पाडांपुढे काय झाले असते, हा प्रश्न पोरांनी विचारला तर त्यात गैर काही नाही. पण हा प्रश्न विचारताना एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, त्या काळी रिंगचे दार सर्वांना सारखेच उघडे होते आणि जो जगज्जेता झाला तोच त्या काळचा श्रेष्ठ. जॉन्सनचे आयुष्य पाहिले की हे गृहीतक कोसळते.

टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन या बंदराच्या गावी ३१ मार्च १८७८ रोजी त्याचा जन्म झाला. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. अमेरिकेत गुलामगिरी संपून तेव्हा तेरा वर्षेही झाली नव्हती. बाप शाळेत झाडलोट आणि देखभालीचे काम करी. घरात पोरांचे लेंढार. जॅक थोडेफार शिकला आणि गोदीवर हमालीला लागला. गोदीवर अंगात रग असलेल्याला कामही मिळे आणि मारही. तिथेच तो मारामारी शिकला. त्या काळी गोऱ्या शौकिनांच्या करमणुकीसाठी काळ्या पोरांना एकदम रिंगमध्ये सोडून देत. आठ-दहा पोरे, कधी डोळ्यांवर पट्टी बांधलेली, एकमेकांना झोडपत राहायची आणि शेवटी जो उभा राहील त्याच्या अंगावर नाणी फेकली जायची. हा प्रकार ज्यांनी पोटासाठी सोसला, त्यांत जॉन्सनही होता. सप्टेंबर १९०० मध्ये गॅल्व्हस्टनवर महाभयंकर वादळ आले. हजारो माणसे बुडाली, अर्धे गाव वाहून गेले, जॉन्सन कुटुंबाचे घरही त्यात गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी, २५ फेब्रुवारी १९०१ रोजी, जो चॉइन्स्की नावाचा एक मुरलेला बॉक्सर गावात आला. हा सॅन फ्रान्सिस्कोचा ज्यू. वय बत्तिशीचे, वजन ऐंशी किलोंच्या आत. समोर बावीस वर्षांचा दांडगा जॉन्सन. तिसऱ्या फेरीत जॉन्सन बेशुद्ध पडला. मोठा पडला आणि छोटा उभा राहिला, हे आमच्या भाच्याने लक्षात ठेवावे. पण गंमत पुढेच आहे. टेक्सासमध्ये अशा लढतींना कायद्याने बंदी होती. पोलिसांनी दोघांनाही उचलले आणि एकाच तुरुंगात टाकले. तीनेक आठवडे ते आत होते. तुरुंगाधिकाऱ्याने दोघांना सरावाची मुभा दिली, गावकरी बघायला येऊ लागले आणि चॉइन्स्कीने या काळ्या पोराला बचावाची विद्या शिकवली. ठोसा येण्याआधी खांद्यावरून तो ओळखायचा कसा, उघड्या पंजाने हवेतच अडवायचा कसा, प्रतिस्पर्ध्याच्या दंडावर हात ठेवून त्याची ताकद जागीच मारायची कशी. जॉन्सन पुढे जगातला सर्वांत अवघड बचाव असलेला हेवीवेट झाला, त्याची शाळा ही अशी गजाआड भरली. एका ज्यू माणसाने एका कृष्णवर्णीयाला हातचे काही राखून न ठेवता शिकवले, ही गोष्ट मला त्या लढतीच्या निकालापेक्षा मोठी वाटते.

१९०३ साली जॉन्सन कृष्णवर्णीयांचा हेवीवेट जगज्जेता झाला. होय, त्यांचे पद वेगळे होते. पाणवठा वेगळा असावा तसे. गोऱ्यांचे जगज्जेतेपद ते खरे जगज्जेतेपद, आणि त्या पाणवठ्यावर काळ्याने यायचे नाही. हा नियम कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेला नव्हता. जॉन सलिव्हन याने तो पाळला होता. पीटर जॅक्सन हा काळा बॉक्सर १८९१ मध्ये जेम्स कॉर्बेटशी एकसष्ट फेऱ्या लढला आणि लढत निकालाविना संपली. पुढल्याच वर्षी कॉर्बेट जगज्जेता झाला आणि जॅक्सनला ती संधी आयुष्यात कधी मिळाली नाही. पुढे जगज्जेता झाला जिम जेफ्रीज. सहा फूट दीड इंच उंच, शंभर किलोंचा, त्या काळच्या मानाने राक्षसच. जॉन्सनने त्याला जाहीर आव्हाने दिली. जेफ्रीजने काळ्याशी पदासाठी लढणार नाही असे सरळ सांगितले आणि १९०५ मध्ये अपराजित म्हणून निवृत्त होऊन शेतावर निघून गेला. अपराजित या शब्दाचा अर्थ अशा वेळी नीट तपासून घ्यावा लागतो.

जेफ्रीजनंतर पद फिरत फिरत टॉमी बर्न्स या कॅनडाच्या माणसाकडे आले. उंची पाच फूट सात इंच, वजन ७६ किलो! हेवीवेटचा जगज्जेता आणि आपल्या तालमीतल्या मधल्या गटातल्या पैलवानाएवढा. जॉन्सन त्याच्या मागे इंग्लंडला गेला, तिथून ऑस्ट्रेलियाला गेला. अखेर ह्यू मॅकिन्टॉश या धंदेवाईक आयोजकाने बर्न्सला तीस हजार डॉलर कबूल केले तेव्हा वर्णाचा विटाळ फिटला. जॉन्सनच्या वाट्याला पाच हजार. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीजवळच्या रशकटर्स बे येथे ही लढत झाली. जॉन्सनने बर्न्सला चौदा फेऱ्या खेळवले. तो मारत होता आणि बोलत होता, हसत होता, प्रेक्षकांतल्या शिव्यांना उलट उत्तरे देत होता. वर्षानुवर्षांचे देणे तो सावकाश फेडत होता. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि चित्रीकरणही. गोरा जगज्जेता काळ्याच्या पायाशी पडलेला दिसू नये, म्हणून कॅमेरा बंद!

इथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की सिडनीत धिप्पाड जॉन्सन होता आणि ठेंगणा बर्न्स. ज्या न्यायाने आज फ्युरी जॉन्सनला भारी, त्याच न्यायाने जॉन्सन बर्न्सला भारी होता. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९०९ मध्ये, मिडलवेटचा जगज्जेता स्टॅनली केचेल त्याच्यासमोर उभा राहिला. तोही जॉन्सनपेक्षा दहा-पंधरा किलोंनी हलका. बाराव्या फेरीत केचेलचा एक झोका लागला आणि जॉन्सन खाली बसला. मैदानात एकच गलका उडाला. जॉन्सन उठला आणि पुढच्याच धडकेत केचेलला असा हाणला की तो बराच वेळ हलला नाही. ती फिल्म आजही पाहायला मिळते. म्हणजे अंगाचा फायदा असतो. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण अंगाचा फायदा घ्यायलाही समोर उभे राहू द्यावे लागते.

सिडनीच्या निकालाने गोऱ्या जगाला घाम फुटला. जॅक लंडन हा प्रख्यात लेखक ती लढत पाहायला हजर होता. त्याने वर्तमानपत्रातून जेफ्रीजला साद घातली, की शेत सोडून ये आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचे ते हसू पुसून टाक. हा लंडन कष्टकऱ्यांच्या बाजूने लिहिणारा, समाजवादी म्हणवणारा. वर्गाचे भान असलेल्या माणसालाही वर्ण सुटत नाही, याचा अनुभव आपल्याकडच्या वाचकांना नवा नाही. जेफ्रीज तेव्हा १३५ किलोंच्या आसपास सुटला होता. त्याने बरेच वजन उतरवले आणि ४ जुलै १९१० रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेव्हाडातल्या रीनो गावी तो उभा राहिला. बक्षिसाची रक्कम एक लाख एक हजार डॉलर. आयोजक टेक्स रिकार्ड स्वतःच पंच. जॉन्सन जेफ्रीजपेक्षा नऊ किलोंनी हलका होता. पंधराव्या फेरीत जेफ्रीज आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर आला, उठला, पुन्हा आला. त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनी पूर्ण बाद होण्याची नामुष्की टाळण्यासाठी लढत थांबवायला लावली.

तारयंत्रावरून बातमी पसरली आणि त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत गोऱ्यांचे जमाव रस्त्यावर उतरले. कुणी आनंदाने ओरडला म्हणून मारला गेला, कुणी ट्राममध्ये बसला होता म्हणून. मृतांची मोजणी कुठे दहा-बारा, कुठे वीसच्या वर आहे. मेलेले बहुतेक कृष्णवर्णीय. शहराशहरांनी त्या लढतीच्या फिल्मवर बंदी घातली. १९१२ साली तर अमेरिकन काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरच बंदी घालणारा कायदा केला. तो १९४० पर्यंत टिकला.

रिंगमध्ये हरवता येत नाही म्हटल्यावर न्यायालयाची रिंग शोधली गेली. जॉन्सन जगला मोठ्या थाटात. उंची कपडे, वेगवान मोटारी, शिकागोत स्वतःचा कॅफे, आणि गोऱ्या स्त्रियांशी उघड संबंध व लग्ने. मोटारीचे वेड इतके, की १९१० मध्ये बार्नी ओल्डफील्ड या नामांकित शर्यतवीराशी त्याने शर्यत लावली आणि सपाटून हरला. त्याची पत्नी एटा ड्युरिया हिने सप्टेंबर १९१२ मध्ये आत्महत्या केली. जॉन्सनने तिला मारहाण केली होती आणि तो एकनिष्ठ नव्हता, हे नोंदलेले सत्य आहे. आपला नायक म्हणून त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण त्याच्यावर खटला झाला तो या मारहाणीसाठी नव्हे. स्त्रियांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९१० मध्ये मॅन अ‍ॅक्ट नावाचा कायदा झाला होता. अनैतिक हेतूने स्त्रीला राज्याबाहेर नेणे त्यात गुन्हा ठरले होते. तो कायदा जॉन्सनवर लावला गेला. ल्युसिल कॅमेरॉन या तरुणीच्या आईने तक्रार केली. ल्युसिलने साक्ष द्यायला नकार दिला आणि डिसेंबर १९१२ मध्ये जॉन्सनशी लग्नच केले. मग जुनी मैत्रीण बेल श्रायबर हिला साक्षीदार म्हणून उभे केले गेले. ज्यूरी सगळी गोरी. जून १९१३ मध्ये एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. जॉन्सन जामिनावर असताना कॅनडामार्गे फ्रान्सला निसटला. याच सुमारास जॉर्जियाच्या एका खासदाराने, काळ्या-गोऱ्यांचे विवाह देशभर बेकायदा ठरवणारी घटनादुरुस्ती सुचवली. ती मंजूर झाली नाही. अनेक राज्यांत मात्र तसे कायदे आधीपासूनच होते आणि पुढेही राहिले.

वाचकहो, तारखा जुळवून पाहा. जॉन्सन जून १९१३ च्या अखेरीस अमेरिकेतून पळाला आणि जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. ज्या देशात मिश्रविवाहावरून रान पेटले होते त्याच देशातल्या कोलंबिया विद्यापीठात मे १९१६ मध्ये त्यांनी जातीवरचा आपला पहिला निबंध वाचला, आणि त्यात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे मांडले. त्यांनी जॉन्सनचे नाव ऐकले होते काय, यावर मी तर्क लढवणार नाही. पण एक धागा पक्का आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यासारख्या सोज्वळ नेत्यांनी जॉन्सनपासून अंग काढून घेतले, त्याने समाजाचे नुकसान केले असा सूर लावला. डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी मात्र १९१४ साली 'द क्रायसिस' या आपल्या मासिकात जॉन्सनवर लिहिताना नेमके बोट ठेवले. मुष्टियुद्ध क्रूर आहे हे गोऱ्यांना जॉन्सन जिंकल्यावरच कसे सुचले, आणि त्याचा खरा अपराध त्याच्या कातडीच्या रंगापलीकडे दुसरा कोणता, असा त्यांच्या लेखाचा रोख होता. याच डुबॉईस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

जॉन्सनच्या चरित्रातला मला सर्वांत बोचणारा भाग आता सांगतो. १९०६ मध्ये त्याने सॅम लँगफर्डला पंधरा फेऱ्यांत हरवले होते. लँगफर्ड कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातला, जेमतेम पाच फूट सात इंचांचा कृष्णवर्णीय. तेव्हा तो जॉन्सनपेक्षा बराच हलका होता. नंतर तो अंगाने भरला, आणि त्याच्या ठोशाला भले भले घाबरू लागले. जगज्जेता झाल्यावर जॉन्सनने लँगफर्डला पदासाठी एकही संधी दिली नाही. जो जॅनेटला नाही, सॅम मॅकव्हेलाही नाही. गोऱ्यांशी लढण्यात पैसा जास्त आणि धोका कमी, असा त्याचा हिशेब. पॅरिसमध्ये डिसेंबर १९१३ मध्ये तो बॅटलिंग जिम जॉन्सन या कृष्णवर्णीयाशी लढला, पण या तिघांच्या तोडीचा तो नव्हता. ज्याच्या तोंडावर दार आपटले गेले, त्यानेच आत गेल्यावर आतून कडी लावली! लँगफर्ड पुढे आंधळा झाला. १९४४ मध्ये एका वार्ताहराने त्याला हार्लेममधल्या एका कोंदट खोलीत शोधून काढले, तेव्हा त्याच्याजवळ काही उरले नव्हते. जगज्जेत्यांच्या मुख्य यादीत त्याचे नाव नाही. जाणकारांना विचारा, ते त्याला त्या यादीतल्या निम्म्या लोकांच्या वर ठेवतील.

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. ते बरेचसे हवानात मिळते. ५ एप्रिल १९१५. जॉन्सनला सदतीस पूर्ण होऊन पाच दिवस झालेले, दोन वर्षांची परागंदा अवस्था, सराव तुटलेला, पोट सुटलेले. समोर कॅन्सासचा जेस विलार्ड, सहा फूट साडेसहा इंच, शंभर किलोंच्या वर. आजच्या मापानेही पुरता धिप्पाड. लढत पंचेचाळीस फेऱ्यांची ठरलेली, डोक्यावर क्यूबाचे ऊन. पहिल्या वीस फेऱ्यांत बहुतेक वेळ जॉन्सनचीच सरशी होती. मग पाय गेले. सव्विसाव्या फेरीत विलार्डच्या उजव्या हाताने तो उताणा पडला. पडल्यावर त्याने उन्हापासून डोळे झाकले, तो फोटो जगप्रसिद्ध आहे. त्यावरून आपण मुद्दाम हरलो असे तो पुढे सांगत फिरला. मला ते पटत नाही. मुद्दाम हरायचे तर सव्वीस फेऱ्या कोण भाजून घेईल?

पण आजचे नियम लावा. आज जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची असते आणि गुणांवर निकाल लागतो. बारा फेऱ्यांअखेर विलार्ड हरला असता आणि सदतीस वर्षांचा, सराव सुटलेला जॉन्सन जिंकला असता. चार वर्षांनी, ४ जुलै १९१९ रोजी, याच विलार्डला ८५ किलोंच्या जॅक डेम्प्सीने पहिल्या फेरीत सात वेळा पाडले. १९३५ मध्ये ८९ किलोंच्या जो लुईने ११८ किलोंच्या प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत संपवले. २००९ मध्ये डेव्हिड हे याने सात फुटी निकोलाय वालुएव्हला गुणांवर हरवले, तेव्हा वजनातला फरक चाळीस किलोंच्या वर होता. आणि २०२४ मध्ये ओलेक्झांडर उसिकने फ्युरीला मे महिन्यात एकदा, डिसेंबरमध्ये पुन्हा एकदा हरवले. उसिक १०२ किलोंचा, सहा फूट तीन इंच, पूर्वीचा क्रूझरवेट. त्याची उंची मुहम्मद अलीएवढी आहे आणि वजन अलीच्या किन्शासातल्या वजनापेक्षा चार-पाच किलोंनीच जास्त.

मग जॉन्सन फ्युरीला हरवील काय? माझे मत असे, की १९१० चा जॉन्सन जसाच्या तसा उचलून आज रिंगमध्ये ठेवला तर तो हरेल, पण भाचा म्हणतो तसा दोन फेऱ्यांत नव्हे. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे खेटून जाणे, दंड पकडणे, जवळून वरच्या दिशेने ठोसा मारणे. १२७ किलोंच्या माणसाला मिठी घातली तर तो सगळा भार अंगावर टाकून तुम्हालाच दमवतो. शिवाय आजचे पंच मिठी लगेच सोडवतात. जॉन्सन वीस-वीस फेऱ्यांच्या हिशेबाने दम राखून लढे. आजच्या गुणपद्धतीत नुसते राखून लढणाऱ्याच्या फेऱ्या जातात. तेव्हाचे ग्लोव्हज हलके, आजचे दहा औंसांचे. पातळ ग्लोव्हजच्या उघड्या पंजाने ठोसा झेलण्याची त्याची कला आजच्या ग्लोव्हजमध्ये तशीच चालली नसती. उसिकचे पाय तर त्याला सापडलेच नसते. आणि हो, जुन्या फिल्म पाहून त्याला हसू नये. त्या हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याच्या आहेत, चुकीच्या वेगाने दाखवल्या की माणसे बाहुल्यांसारखी उड्या मारताना दिसतात. योग्य वेगाने पाहिल्या की जॉन्सन किती शांत होता ते कळते.

पण हाच पोरगा १९९० मध्ये जन्मला असता, पोटभर खाऊन वाढला असता, गोदीऐवजी व्यायामशाळेत मोठा झाला असता तर? तिथे मी पैज जॉन्सनवर लावीन. कारण माणसे नुसती दुधातुपाने मोठी झाली नाहीत, दारे उघडल्यानेही हेवीवेट मोठे झाले. हॅरी विल्स हा उंच, शंभर किलोंच्या घरातला कृष्णवर्णीय वर्षानुवर्षे डेम्प्सीच्या पदावर दावा सांगत राहिला. करार झाले, लढत कधीच झाली नाही. म्हणजे मोठी माणसे तेव्हाही होती, त्यांना यादीत येऊ दिले नाही. जॉन्सननंतर जो लुईपर्यंत, १९१५ ते १९३७, बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट पदासाठी लढू दिले गेले नाही. सोव्हिएत गटातल्या देशांचे मुष्टियोद्धे तर १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत व्यावसायिक रिंगमध्ये सहसा येऊ शकत नव्हते. ते आले आणि क्लिच्को बंधू, वालुएव्ह, उसिक दिसू लागले. खुद्द फ्युरी हा आयरिश ट्रॅव्हलर या भटक्या समाजातला, ज्यांना ब्रिटनमध्ये आजही गावकुसाबाहेरचेच समजतात. हे भाच्याला ठाऊक नव्हते. तो जरा गप्प झाला.

जॉन्सन १९२० मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर स्वतःहून हजर झाला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगून जुलै १९२१ मध्ये सुटला. पान्ह्याच्या एका सुधारित रचनेचे पेटंट १९२२ मध्ये त्याच्या नावावर झाले. हार्लेममध्ये त्याने क्लब काढला. तो पुढे दुसऱ्यांच्या हाती जाऊन कॉटन क्लब म्हणून गाजला, आणि तिथे वाजवणारे काळे अन् बसणारे गोरे अशी व्यवस्था झाली. तो सर्कशीत, प्रदर्शनांत उभा राही, लोक पैसे देऊन त्याला पाहत. जो लुईच्या व्यवस्थापकांनी लुईला सक्त ताकीद दिली होती, की जॉन्सनसारखे वागायचे नाही. हरलेल्या गोऱ्याकडे पाहून हसायचे नाही, गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही. जॉन्सनला हे लागले असावे. १९३६ मध्ये त्याने लुईचा दोष हेरला. जॅब मारल्यावर त्याचा डावा हात खाली येतो. आणि त्याने पैज श्मेलिंगवर लावली. श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत पाडले. हार्लेमने जॉन्सनला ती पैज कधी माफ केली नाही.

अमेरिकेच्या सरकारने त्याला माफी दिली ती २४ मे २०१८ रोजी. शिक्षेला तेव्हा एकशे पाच वर्षे होत आली होती.

जून १९४६ मध्ये तो मोटारीने दक्षिणेकडून न्यूयॉर्ककडे निघाला होता. वय अडुसष्ट. नॉर्थ कॅरोलिनात रस्त्याकडेच्या एका खाणावळीत तो जेवायला थांबला. काळ्यांनी मागच्या बाजूला जावे असे त्याला सांगण्यात आले. तो संतापून बाहेर पडला आणि गाडी भरधाव सोडली. फ्रँकलिंटनजवळ गाडी खांबावर आदळली. राली शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात १० जून रोजी तो मरण पावला. शिकागोत एटाच्या शेजारी त्याला पुरले. न्यूयॉर्कला तो जो लुई आणि बिली कॉन यांची लढत पाहायला चालला होता. ती नऊ दिवसांनी यँकी स्टेडियमवर झाली. कॉन ८३ किलोंचा, लुई ९४ किलोंचा, म्हणजे रीनोच्या जॉन्सनएवढाच. लुईने आठव्या फेरीत कॉनला बाद केले.